विश्लेषण : गांजाच्या कॅनमध्ये नशा किती? टक्के नकोत, मिलिग्रॅम सांगा!

दिसायला सोड्याचा कॅन, चव लिंबाची आणि आत टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. कॅनडात अशी पेये २०१९ पासून कायदेशीर आहेत. अमेरिकेतही ती दुकानांत पोहोचली. पण मात्रा मोजण्याची दोन्ही देशांची पट्टी वेगळी होती आणि घोळ तिथेच झाला.

पेय तयार कसे होते?
टीएचसी तेलात विरघळते, पाण्यात नाही. अर्क थेट ओतला तर तवंग येतो. म्हणून इमल्सिफायर घालून, उच्च दाबाने किंवा अल्ट्रासाउंडने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब केले जातात. हे नॅनो-इमल्शन पाण्यात सारखे पसरते.

'प्रमाणित' घटक म्हणजे काय?
एक मिलिलिटर इमल्शनमध्ये टीएचसी किती, हे प्रयोगशाळेत तपासलेले असते. समजा ते २० मिलिग्रॅम आहे. मग ५ मिलिग्रॅमच्या कॅनला पाव मिलिलिटर पुरते, १० हजार कॅनना अडीच लिटर. इतक्या कमी मापात मिश्रण नीट झाले नाही तर एका कॅनमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी. शिवाय कॅनच्या आतला प्लास्टिकचा थरही टीएचसी शोषतो. त्यामुळे भरलेला कॅन पुन्हा तपासावाच लागतो.

घोळ कुठे झाला?
कॅनडाचा नियम सरळ आहे : एका कॅनमध्ये कमाल १० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या २०१८ च्या फार्म बिलाने मात्र हेम्पच्या पिकासाठी कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ही मर्यादा घातली. कंपन्यांनी तीच तयार पेयाला लावली. आता गणित करा. ३५५ ग्रॅमच्या कॅनचे ०.३ टक्के म्हणजे हजार मिलिग्रॅमहून जास्त, कॅनडाच्या शंभर पट! मिनेसोटाने २०२२ मध्ये सर्व्हिंगमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कायद्याने थेट दुसरे टोक गाठले : डब्यामागे ०.४ मिलिग्रॅम, तेही वर्षभरानंतर लागू.

आपल्याकडे काय?
१९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची पाने आणि बिया येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियम राज्यागणिक बदलतात. एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यांच्या पेयात टीएचसीची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे नशेच्या दृष्टीने नगण्य. पण होळीच्या भांग-थंडाईत किती मिलिग्रॅम असते? ते ना विकणारा सांगू शकतो, ना पिणारा. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागू शकतात. तोवर 'काहीच होत नाही' म्हणत दुसरा ग्लास रिकामा होतो.

मग करायचे काय?
परवानगी द्यावी की नाही, हा वाद चालू राहील. मिलिग्रॅम छापला म्हणून पेय निर्धोक ठरत नाही. ते पिऊन गाडी चालवणे धोक्याचेच. पण जिथे विक्रीला परवाना आहे, तिथे मात्रा सांगण्याची सक्ती हवीच. टक्केवारी शेताला ठीक आहे. पिणाऱ्याच्या पोटात जातात ते मिलिग्रॅम.