आधी अक्षर, मग रुंदी

अनुवादाच्या कामाला एकाच वेळी तीन कागद समोर लागतात. डावीकडे मूळ मजकूर, मध्ये आपला मसुदा, उजवीकडे कोश. मोल्सवर्थ, मराठी विश्वकोश, शासनाचे परिभाषा कोश हे सगळं आता संगणकावर मिळतं. टेबलावरचे जाडजूड ग्रंथ कपाटात गेले आणि तिन्ही कागद पडद्यावर आले. लॅपटॉपच्या 15 इंची पडद्यावर मात्र ते एकमेकांवर चढून बसतात. एका शब्दासाठी मसुदा झाकायचा, कोश उघडायचा, अर्थ मनात धरून परत यायचं. तोवर मूळ वाक्याचं टोक हातून सुटलेलं असतं. माझी मावसबहीण घरून दुकानदारांचे हिशेब सांभाळते. टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल यांच्यात तिची दिवसभर हीच ये-जा चालते. काम वेगळं, त्रास एकच.

या त्रासावर अल्ट्रावाइड मॉनिटर हा चांगला उपाय आहे आणि तो आता मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला आहे. म्हणूनच तो घेताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे नीट सांगायला हवं. मॉडेलची नावं देत नाही, ती सारखी बदलतात. त्यामागचं मोजमाप टिकून राहतं.

सुरुवात स्वतःच्या कामापासून करा. चार कामं एकदम करता यावीत म्हणून रुंद पडदा घ्यायला निघालेल्यांना मी थांबवते, कारण त्यात चारही कामं अर्धवट राहतात. या पडद्याचं बळ एकाच कामाचे सगळे कागद एका नजरेत ठेवण्यात आहे. तेव्हा खरेदीआधी आपल्या कामाच्या एका सबंध दिवसाकडे लक्ष द्या. कोणत्या खिडक्या खरोखरच शेजारी-शेजारी हव्या होत्या? दोन की तीन? पुढचा बहुतेक निर्णय या एका उत्तरावर होतो.

आता इंचांकडे वळू. पडद्याचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. नेहमीच्या मॉनिटरचं रुंदी-उंचीचं प्रमाण 16:9 असतं, अल्ट्रावाइडचं साधारण 21:9. त्यामुळे 29 इंची अल्ट्रावाइड सुमारे 68 सेंटिमीटर रुंद असला, तरी त्याची उंची 23 इंची साध्या मॉनिटरएवढीच, म्हणजे 29 सेंटिमीटरच्या आत भरते. 34 इंची अल्ट्रावाइड सुमारे 80 सेंटिमीटर रुंद आणि 33 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे उंचीला 27 इंची मॉनिटरच्या बरोबरीचा. ज्यांच्याकडे आधीच 24 इंची मॉनिटर आहे, त्यांनी 29 इंची घेतला तर बाजूला जागा वाढते, पण उंची थोडी कमीच होते. लांब दस्तऐवज वाचणाऱ्यांना ही उणीव पहिल्याच आठवड्यात जाणवते.

इंचांपेक्षा महत्त्वाचं रिझोल्युशन. परवडणाऱ्या अल्ट्रावाइडमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात: 2560 बाय 1080 आणि 3440 बाय 1440. 2560 चे दोन समान भाग केले, तर प्रत्येक खिडकीला 1280 पिक्सेल मिळतात. त्यात वेबसाइट, ईमेल, वर्ड सगळं ऐसपैस उघडतं. तीन भाग केले की प्रत्येकाला जेमतेम 853 उरतात आणि पोर्टलं आक्रसायला लागतात. 3440 चे तीन भाग केले, तरी प्रत्येकाला 1146 पिक्सेल मिळतात. थोडक्यात, दोन कागदांचं काम असेल तर 2560 पुरतो, तीन कागदांचं असेल तर 3440 हवा.

उंचीचाही हिशेब यातच आहे. वर्डमध्ये ए-फोर पान 100 टक्के आकारात उघडलं की ते 794 पिक्सेल रुंद आणि 1123 पिक्सेल उंच होतं. 1080 उंचीच्या पडद्यावर ते सबंध बसतच नाही. 1440 वर वरची बटणांची पट्टी धरूनही बसू शकतं. एक्सेलचा रकाना मुळात 64 पिक्सेल रुंद आणि ओळ 20 पिक्सेल उंच असते. फुल एचडीवर साधारण 29 रकाने दिसतात, 2560 वर 39, 3440 वर 53. शिवाय 1440 उंचीवर 18 ओळी जास्त. महिन्याचे 31 दिवस आडवे मांडून हजेरीपत्रक भरणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो मुद्दा. बाजारात 34 इंची, पण 2560 बाय 1080 असेही मॉनिटर मिळतात. आकार मोठा, किंमत आटोक्यात, म्हणून ते मोहात पाडतात. पण तेवढेच पिक्सेल जास्त जागेवर पसरल्याने एकेक पिक्सेल सुमारे 0.31 मिलिमीटरचा होतो. 29 इंचीत तो 0.27 च्या आत असतो आणि 34 इंची 3440 मध्ये 0.23. रोमन लिपी अशा पडद्यावर कशीबशी निभावून नेते. देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय अशी गर्दी असते. 'सर्वांनी' हा शब्द 11 पॉइंटमध्ये अशा पडद्यावर बघा. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून एक काळा ठिपका होतो. 'वर्षात' आणि 'वर्षांत' यांच्यात फरक एका टिंबाचा, पण करारनाम्यात त्या टिंबाने मुदत बदलते. मुद्रितशोधन करणारे, मराठी टायपिंग करणारे, न्यायालयीन कागद तपासणारे, शिक्षक या सर्वांना मी आवर्जून सांगते: पडदा थोडा लहान घ्या, पण अक्षर स्वच्छ असू द्या. धूसर अक्षर दिवसभर वाचण्याचा ताण डोळे मुकाट सोसतात आणि त्याची वसुली संध्याकाळी डोकेदुखीतून होते.

मग पैसे वाचवायचे कुठे? पहिली जागा रिफ्रेश रेटची. आता साधे मॉनिटरसुद्धा 75 किंवा 100 हर्ट्झचे येतात आणि लिखापढीला तेवढं भरपूर आहे. 144 आणि त्यापुढचे आकडे खेळणाऱ्यांसाठी आहेत. दुसरी जागा एचडीआरची. स्वस्त मॉनिटरच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. तो खुलून दिसण्याइतका उजेड 250-300 निट्सच्या पडद्यात नसतो. तिसरी जागा वक्रतेची. 1500आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. 34 इंचीत दोन्ही कडा डोळ्यांपासून सारख्या अंतरावर याव्यात म्हणून तो उपयोगी पडतो; 29 इंचीत त्याची गरज नाही. घरून आराखडे काढणाऱ्यांनी किंवा डीटीपी करणाऱ्यांनी सपाट पडदाच बघावा, सरळ रेषा सरळ दिसलेली बरी.

पॅनेल शक्यतो आयपीएस घ्यावं. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो आणि सिनेमा त्यावर छान दिसतो, पण तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. इतक्या रुंद पडद्याच्या कडा समोर बसूनही आपण थोड्या तिरक्याच पाहतो. 34 इंची वक्र मॉनिटर स्वस्तात शोधलात, तर बहुधा व्हीएच हाती लागेल. तो वाईट नव्हे. फक्त आपला मजकूर वरखाली सरकवून बघा आणि मगच ठरवा.

स्टँडकडे फार थोडे लोक बघतात. स्वस्त मॉनिटरचा स्टँड पुष्कळदा फक्त मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. चाळिशी लागलेल्यांनी, विशेषतः प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी, पडदा आणखी खाली ठेवावा. नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी मान सतत वर करावी लागते. मॉनिटरच्या पाठीला 100 बाय 100 मिलिमीटरची वेसा छिद्रं आहेत ना, ते पाहून घ्या. ती असली की पुढे कधीही टेबलाला आर्म लावता येतो. टेबलाची खोलीही मोजा. पडदा डोळ्यांपासून निदान हातभर लांब हवा आणि स्टँडचे पाय बरीच जागा खातात.

लॅपटॉप जुना असेल, तर त्याचं पोर्ट तपासल्याशिवाय पैसे भरू नका. जुन्या एचडीएमआय 1.4 पोर्टवर 2560 बाय 1080 व्यवस्थित चालतो. 3440 बाय 1440 पूर्ण 60 हर्ट्झवर चालेलच, असं नाही. यूएसबी-सीचंही तेच. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, काही पोर्टं फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. एकाच केबलने चित्रही आणि लॅपटॉपचं चार्जिंगही देणारे मॉनिटर महाग पडतात. लॅपटॉप रोज उचलून ऑफिसला न्यायचा असेल, तरच तो खर्च करावा.

24 इंची दोन साधे मॉनिटर घेण्याचा पर्यायही मोकळ्या मनाने तपासावा. दोन फुल एचडी मिळून 3840 बाय 1080 जागा होते आणि खर्च पुष्कळदा 34 इंचीपेक्षा कमी येतो. ज्यांचा दिवस व्हिडिओ मीटिंगमध्ये जातो, त्यांना हेच सोयीचं. सबंध अल्ट्रावाइड शेअर केला, तर समोरच्याला एक बारीक पट्टी दिसते आणि दर वेळी फक्त एक खिडकी शेअर करण्याचं भान ठेवावं लागतं. पण दोन मॉनिटरच्या मधोमध दोन चौकटी येतात, नेमक्या जिथे मसुदा असायला हवा तिथे. सलग वाचण्या-लिहिण्याच्या कामाला म्हणूनच एकसंध पडदा मला बरा वाटतो.

किमतींचा ढोबळ अंदाज असा: 29 इंची 2560 बाय 1080 साधारण 15 ते 20 हजारांत, 34 इंची 3440 बाय 1440 साधारण 25 हजारांपासून पुढे. सेलमध्ये आकडे वरखाली होतात. 32 इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी 18 टक्के होता आणि त्याहून मोठ्यावर 28 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मॉनिटरवरही तो 18 टक्के झाला. 25 हजार मूळ किमतीवर हा फरक 2,500 रुपयांचा होतो. दोन आकारांतली दरी तेवढी कमी झाली आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा आपल्या गावातल्या दुकानात, पण आपला लॅपटॉप बरोबर न्या. त्यावर स्वतःचं मराठी काम 11 पॉइंटमध्ये उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग पडदाभर लावून मेलेला पिक्सेल शोधा. वॉरंटीत पॅनेल येतं का आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की मॉनिटर जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा लागतो, हे विचारा. तालुक्याच्या गावी हा प्रश्न किमतीइतकाच मोलाचा आहे. ऑनलाइन मागवलात, तर खोका आणि आतलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.

घरी आल्यावर खिडक्या बसवायची सवय करावी लागते. विंडोज 11 मध्ये विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की तीन रकान्यांची मांडणी निवडता येते. पॉवरटॉइज या मोफत साधनातल्या फॅन्सीझोन्सने आपल्या मापाच्या चौकटी आखता येतात. मॅकवर 2024 च्या सिक्वोया आवृत्तीपासून खिडक्या शेजारी-शेजारी बसवायची सोय आली आहे. हे शिकलं नाही, तर सगळा मजकूर पडदाभर पसरतो, ओळी लांबतात आणि पुढच्या ओळीची सुरुवात डोळ्यांना सापडत नाही.

आपल्या घरांमध्ये दिवाणखान्यातल्या टीव्हीचा आकार वाढवताना कुणी फारसा विचार करत नाही. तो संध्याकाळी दोन-तीन तास चालतो. ज्या पडद्यावर घरातलं कुणी दिवसाचे आठ तास काम करून कमावतं, त्याच्यासाठी मात्र 'लॅपटॉप आहे की' एवढ्यावर विषय मिटतो. घरून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे फारच दिसतं. जेवणाच्या टेबलाचा कोपरा, छोटा लॅपटॉप आणि वाकलेली मान. कामाचं साधन हा घराचा रास्त खर्च आहे आणि तो ताठ मानेने मागावा.

हातात 20 हजार असतील, तर 29 इंची 2560 आयपीएस घ्या. त्यावर दोन कागद सुखाने मावतात. तीन कागदांशिवाय काम होत नसेल, तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि 34 इंची 3440 घ्या. मधल्या 34 इंची 2560 च्या नादी मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी लागू नये, मग सेलमध्ये त्याची किंमत कितीही उतरो.