आजीला झेपेल असा गड

ट्रेकिंगच्या ग्रुपवर पुढच्या रविवारची पोस्ट पडते, तेव्हा खाली ग्रेड लिहिलेली असते. ‘हार्ड’ असेल तर सीट्स पटापट भरतात. ‘ईझी’ असेल तर कुणीतरी कमेंट टाकतंच, ‘हा तर फॅमिलीवाला ट्रेक आहे यार.’ म्हणजे कमीपणाच. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवरचा फोटो डीपीला चालतो, आईसोबत भाज्याच्या लेण्यात काढलेला चालत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. आई-बाबांना वेळ द्या, नाती जपा वगैरे सांगायला मी बसलेली नाहीये, ते सांगणारे व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. सह्याद्रीतला कितीतरी इतिहास सोप्या वाटांवरच सापडतो, कारण त्या वाटा वापरातल्या होत्या. अवघड जागी टेहळणीचा पहारा बसायचा. माणसं, बैल, धान्य, मीठ आणि बातम्या जायच्या सोप्या वाटेने.

मळवलीचंच उदाहरण घ्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडून भाजे गावात जायचं. गावातून पायऱ्या चढल्या की लेणी. पुढे लोहगड आणि विसापूरच्या मधली गायमुख खिंड, मग लोहगडवाडी, आणि तिथून दगडी पायऱ्यांनी गड. सगळं पायी करायचं तर अख्खा दिवस जातो. पण लोहगडवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने चालावं.

आता हे सगळं इथेच का? कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल बोर घाटाने देशावर चढायचा, त्या वाटेच्या आसपास कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. आणि त्याच घाटावर नजर ठेवायला लोहगड. लादलेला बैल चढू शकेल अशीच वाट व्यापाऱ्याला हवी असणार, त्याला ‘थ्रिल’ नको होतं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही घरचे सहा जण गेलो होतो. एकाहत्तर वर्षांची आजी, आई-बाबा, काकू, आठ वर्षांचा चुलतभाऊ आणि मी. मित्रांबरोबर गेलं की भाज्याचं लेणं सात मिनिटांत संपतं. आजीबरोबर आम्ही दीड तास होतो, कारण पायऱ्या चढून आल्यावर ती चैत्यगृहासमोर बसली आणि उठायलाच तयार नव्हती. बसल्या बसल्या तिने विचारलं, “अगं, हे खांब आत का झुकलेत?”

भारी प्रश्न आहे हा. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी एक. ते कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारती होत्या. लाकडी छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कलते ठेवावे लागतात. दगडात त्याची काही गरज नाही, अख्खा डोंगरच वर आहे. तरी त्यांनी खांब तिरके कोरले. वर छताला ज्या कमानदार फासळ्या दिसतात त्या तर खरोखर लाकडाच्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. दर्शनी भागही लाकडी होता, तो गेला, पण तो बसवायच्या खाचा अजून दगडात आहेत. चुलतभाऊ त्या खाचा मोजत बसला, आकडा दर वेळी वेगळा येत होता. पलीकडच्या एका लेण्यात एक बाई तालवाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय असं शिल्प आहे, तिथे काकूने स्वतःचा फोटो काढून घेतला. त्याच पोझमध्ये.

भाज्याच्या शिलालेखांमध्ये बाधा नावाच्या एका बाईच्या दानाची नोंद आहे. तिची ओळख दिलीय ‘हालिकाची बायको’, म्हणजे नांगर धरणाऱ्याची. राणी नाही, श्रेष्ठीची पत्नी नाही. हे मी आईला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि बाबांना म्हणाली, “अहो, हिचं नाव दगडावर आहे. माझं अजून सातबाऱ्यावर नाही.” बाबा लगेच विसापूरची तटबंदी बघायला लागले. घरी आल्यावर विषय पुन्हा निघाला, आणि या दिवाळीत दोघं तलाठ्याकडे जाऊन आले. हार्ड ग्रेडच्या कुठल्याही ट्रेकने आमच्या घरात हे केलं नव्हतं.

लेण्यांनंतर आजी आणि चुलतभाऊ जीपने लोहगडवाडीला गेले, आम्ही चालत. वर भेटलो तेव्हा आजीने वाटेकडेच्या झाडाझुडपांचा ताबा घेतला होता. हा तेरडा, गौरीला लागतो. हे गौरीचे हात, दिसायला सुंदर पण मुळी विषारी, हात लावू नकोस. हा टाकळा, आता जून झाला, भाजी करायची तर पहिल्या पावसात यायचं. माझ्या फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप आहे. ते शास्त्रीय नाव सांगतं, भाजी कधी खुडायची ते सांगत नाही. गडावर आजी दुसऱ्या दरवाजापर्यंत आली आणि म्हणाली, “पुरे.” विंचूकाटा तिने पाहिला नाही. गड ‘कम्प्लीट’ झाला नाही. काय बिघडलं?

आणि आपल्याकडची कुटुंबं डोंगर चढत नाहीत हे तरी खरं आहे का? माझी आजी जेजुरी चढलीय, सप्तशृंगी चढलीय, कडेवर लेकरू घेऊन. लाखो घरं वर्षानुवर्षं हेच करतात. त्याला आपण देवदर्शन म्हणतो, म्हणून ते ट्रेकमध्ये धरत नाही. बॅगेवर कंपनीचा लोगो आणि पायात महागडे बूट नसले की चढण मोजायचीच नाही, असं काहीतरी झालंय आपलं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. सोप्या जागांवर गर्दी होते, आणि गर्दीत कुटुंबंही असतात, स्पीकर आणि चिप्सच्या पाकिटांसकट. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर अडकून पडलेल्या लोकांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात लोहगड आहे, त्यामुळे लोक वाढणारच. म्हणून जुलै-ऑगस्टचा रविवार सोडा. नोव्हेंबर ते जानेवारीतला साधा वार धरा, कॉलेज एक दिवस बुडालं तर आकाश कोसळत नाही (आमच्या सरांनी हे वाचू नये).

आणि वारशावर पैसा खर्च होणारच असेल तर सेल्फी पॉइंटच्या आधी दोन गोष्टी हव्यात. चढणीवर टेकायला जागा आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. आमच्याकडच्या दोन्ही बायका, आई आणि काकू, अशा कुठल्याही ट्रिपला सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याचं कारण घरोघरी माहीत आहे, बोलत कुणी नाही. मग पुरुष म्हणतात, बायकांचा स्टॅमिना नसतो.

ज्यांना लोहगडही नको असेल त्यांनी मळवलीच्या दुसऱ्या अंगाला जावं, कार्ल्याला. एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यापैकी कित्येक जण सहकुटुंब गेलेच असाल. देवळाच्या अगदी शेजारी देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह आहे. त्यातल्या खांबांवर ते कुणाच्या दानातून झाले त्यांची नावं आहेत, काही तर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची. रांगेतून सुटलात की आत शिरा. आजीला बसवा, आणि ती काय विचारते ते ऐका.