ठाण्यात बाई हवी, रात्रीही

जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. कौतुक झाले, ते रास्तच. पण घाटातल्या वाडीवरून रात्री पोलादपूर ठाण्यात आलेल्या बाईला समोर कोण भेटते?

बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी, असे कायदा सांगतो. सूर्यास्तानंतर स्त्रीला अपवाद म्हणून अटक करायची, तरी महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही. ही अधिकारी पाळीवर नसली, की सगळेच अडते.

२०२१ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणण्याचे ठरले. छानच! पण २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तशा दिवशी हे गणित कोण पाळणार?

महाड-पोलादपूरच्या प्रत्येक पाळीत महिला अधिकारी आणि ठाण्यात तिच्यासाठी स्वच्छ स्वच्छतागृह, एवढे गृहखात्याने आधी करावे.