अठराव्या वाढदिवसाला दोनशे अश्वशक्ती

पुण्याच्या कल्याणीनगरमधला पोर्शे अपघात सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्याच्या बरोबर बारा दिवस आधी, ७ मे २०२४ रोजी, जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ काय घडलं, हे मात्र खान्देशाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. भरधाव कारने एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवर एक आशा सेविका, तिची दोन लहान मुलं आणि भाचा होते. चौघेही गेले. गावकऱ्यांनी संतापून रस्ता अडवला. कारमधले तरुण सधन घरांतले होते आणि त्यांना उपचारासाठी मुंबईला हलवण्यात आलं. अटक झाली ती मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, पुण्याच्या प्रकरणाने राज्यभर गदारोळ उठल्यानंतर.

कुणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण जळगावकरांसाठी ही पहिली ठेच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सायकल चालवणारा ११ वर्षांचा मुलगा भरधाव कारखाली सापडून गेला होता. दोन गाड्यांची शर्यत लागली होती, असं तेव्हा समोर आलं. हा रस्ता म्हणजे शहराची सकाळ-संध्याकाळ फिरायला जायची जागा. म्हातारीकोतारी माणसं, पोरंसोरं, जोडपी, सगळ्यांची तिथे वर्दळ असते. तिथे शर्यत लावावीशी वाटते आणि लावता येते, ही गोष्ट अपघाताइतकीच गंभीर आहे.

जळगाव-धुळ्यात पोर्शे, लॅम्बोर्गिनी किती दिसतात, असं कुणी विचारेल. फारशा नाही दिसत. पण ताकदवान गाडी म्हणजे परदेशी स्पोर्ट्स कारच, हा समज आता जुना झाला. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चं इंजिन चाळीस अश्वशक्तीच्या आतलं होतं. आज सोनं, केळी, ठेकेदारी किंवा प्लॉटच्या व्यवहारातून हातात पैसा आलेलं घर जी एसयूव्ही घेतं, तिचे आकडे पाहा. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं पेट्रोल इंजिन दोनशे अश्वशक्तीचं आहे. बाप ज्या गाडीवर शिकला तिच्या पाचपट ताकदीची गाडी मुलगा पहिल्याच दिवशी बाहेर काढतो. शिवाय हे दीड-दोन टनांचं धूड. त्यात बसलेल्याला शंभरचा वेगही साठसारखा वाटतो, कारण काचा बंद, एसी चालू आणि स्पीकरवर गाणं. बाहेरच्या दुचाकीवाल्याला तो शंभरच असतो.

गाडी घरी येते तो सोहळाही आता ठरून गेला आहे. शोरूममध्ये लाल कापडाखाली झाकलेली गाडी, केक, नारळ, चाकाखाली लिंबू, हातभर लांबीची पुठ्ठ्याची चावी आणि ती धरून उभं राहिलेलं अख्खं घर. मध्यभागी नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा. आरसी बुकावर नाव वडिलांचं, रील मुलाच्या खात्यावर. नंबर ४१४१ मिळाला तर तो पाटीवर ‘दादा’ असा वळवून घ्यायचा, ८०५५ मिळाला तर ‘बॉस’. या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट कुणीच विचारत नाही: या मुलाने आजवर किती किलोमीटर गाडी चालवली आहे?

नंबरावरून हिशोबाची गोष्ट निघते. महाराष्ट्रात चारचाकीसाठी ‘०००१’ या पसंती क्रमांकाचं शुल्क २०२४ मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांवर गेलं, तरी घेणारे आहेतच. पुण्यातली ती कोट्यवधींची पोर्शे मात्र अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे कायम नोंदणीविना फिरत होती. विद्युत वाहन असल्याने तिला रस्ता कर माफ होता, उरलं होतं ते एवढंच. मिरवायच्या गोष्टीवर पाण्यासारखा पैसा जातो आणि कागदाला कुणी विचारत नाही. ही वृत्ती पुण्याचीच मक्तेदारी नाही.

कल्याणीनगरच्या त्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. पंधरा तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला. डॉक्टर, वडील, आजोबा आणि आई यांना अटक झाली. गाडीची चावी देण्यापासून निस्तरण्यापर्यंत सगळं घर एका मुलाभोवती उभं राहिलं, असं चित्र लोकांना दिसलं. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. त्या निर्णयावर मतं वेगळी असू शकतात. पण अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत चावी देणाऱ्याला कायद्याने मोकळं सोडलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीतच नव्हतं किंवा आपण अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावर टाकली आहे. कलम कडक आहे. अडचण अशी की अठरावा वाढदिवस उजाडला, की ते अख्खं कलम गळून पडतं.

रामदेववाडीच्या प्रकरणातले आरोपी सज्ञान होते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला बीएमडब्ल्यूने कोळीवाड्यातल्या स्त्रीला फरफटत नेलं, त्यातला आरोपी २४ वर्षांचा होता. म्हणजे प्रश्न निव्वळ अल्पवयीनांचा नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला कायदा चारचाकीला हात लावू देत नाही, आणि अठरा पूर्ण होऊन शिकाऊ परवान्याचे किमान तीस दिवस भरले की, तोच मुलगा देशातली कुठलीही कार चालवायला मोकळा होतो. चाचणी काय, तर आरटीओच्या ट्रॅकवर गाडी पुढे-मागे घेणं, चढावर थांबवून सोडणं, वळणं नीट घेणं. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर ही चाचणी दिली काय आणि चारशेच्या गाडीवर दिली काय, हातात पडणारा एलएमव्हीचा परवाना एकच.

इतर देशांनी ही फट ओळखली आहे. इटलीत नव्या परवानाधारकाला पहिली तीन वर्षं १०५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे सुमारे १४३ अश्वशक्तीपेक्षा, जास्त ताकदीची कार एकट्याने चालवता येत नाही. जळगावच्या शोरूममधून वाढदिवसाला बाहेर पडणारी दोनशे अश्वशक्तीची एसयूव्ही तिथे त्या मुलाला मिळालीच नसती. जर्मनीत सतराव्या वर्षी परवाना मिळतो, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी नोंद केलेला अनुभवी चालक बसलाच पाहिजे. शिवाय पहिली दोन वर्षं परिवीक्षेची, आणि त्या काळात दारूचा थेंबही चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड शहरात २०१९ मध्ये लॅम्बोर्गिनीचा ताबा सुटून १५ वर्षांची मुलगी गेली. मुलीच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने कायदा बदलला आणि १ डिसेंबर २०२४ पासून अतिशक्तिशाली गाड्यांसाठी वेगळा परवाना सक्तीचा केला.

आपल्याकडे दोष द्यायला दुसऱ्या गोष्टी कमी नाहीत, आणि त्या खोट्याही नाहीत. खान्देशात वाळूचे डंपर रात्री कसे पळतात, हे नदीकाठच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. राष्ट्रीय महामार्ग जळगाव शहराच्या पोटातून जातो. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलनं करावी लागली. तरसोद-फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. धुळे जिल्ह्यात पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर लोकांत घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्या अपघातात कुणा श्रीमंताच्या पोराचा संबंध नव्हता. पण डंपर आणि कंटेनर पोटापाण्यासाठी रस्त्यावर असतात. त्यांच्यावर वजन, वेळ, परमिट यांची बंधनं निदान कागदावर तरी आहेत. मौजेसाठी काढलेल्या ताकदवान गाडीवर कागदावरही वेगळं बंधन नाही.

आणि रस्ता सुधारला म्हणून जीव वाचतोच असं नाही. चौपदरी झालेल्या पट्ट्यावर गाडी सुसाट सुटते, आणि पुढच्या गावाच्या फाट्यावर तीच बैलगाडी, तीच शाळेची पोरं, तोच कापसाचा ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना उभा असतो. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदात साधारण सतरा मीटर जाते, १२० ला तेहेतीस. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक सेकंद निघून गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला अंतरही चौपट लागतं. शेवभाजी खायला रात्री अकराला ढाब्याकडे निघालेल्या चार मित्रांच्या गाडीत हे गणित कुणी मांडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता.

कायद्याचं भय वाटत नसेल, तर निदान व्यापारी घरांनी पैशाचा हिशोब करावा. परवाना नसलेल्या मुलाने कुणाला उडवलं, तर विमा कंपनी पीडितांना भरपाई देते आणि नंतर ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंग खटल्यात २००४ साली हे सूत्र घालून दिलं. म्हणजे ‘इन्शुरन्स आहे ना, बघून घेऊ’ हा दिलासा पोकळ आहे. दुसरा निकाल जुलै २०२५ चा. कर्नाटकात २०१४ साली भरधाव, बेदरकारपणे कार चालवताना उलटून चालकच मरण पावला. त्याच्या कुटुंबाने ८० लाखांची मागणी केली. न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे ती फेटाळली गेली. चूक चालकाचीच असेल, तर त्याच्या मरणाची भरपाई वारसांना मागता येत नाही. ज्यांच्या घरात एकुलता एक मुलगा आहे, त्यांनी हा निकाल दोनदा वाचावा.

मग करायचं काय? परवान्याचा कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे टप्प्याटप्प्याने ताकद वाढवणारा परवाना आणायचा तर तो दिल्लीतून यावा लागेल. चार पदरी रस्त्यांसाठी मंत्र्यांकडे खेटे घालणाऱ्या खान्देशातल्या खासदारांनी ही मागणीही रेटावी: परवान्याची पहिली तीन वर्षं ठरावीक ताकदीपर्यंतचीच गाडी, आणि त्या काळात नियम मोडला तर चालकाबरोबर वाहनमालकही जबाबदार. १९९-अ कलमाची वयोमर्यादा नुसती वाढवली, तरी बरंच साधेल. आज शर्यत लावण्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पाच हजारांत या गाड्यांचा एक टायरही येत नाही. मेहरूणच्या रस्त्यावर आणि महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यांवर शनिवार-रविवार संध्याकाळी स्पीड गन घेऊन पोलीस उभे करायला तर कायदा बदलण्याचीही गरज नाही.

घरात करण्यासारखं त्याहून सोपं आहे. जुलै २०१९ नंतर देशात तयार झालेली प्रत्येक कार ताशी ८० च्या पुढे गेली की टुकटुक करते आणि १२० नंतर ते थांबत नाही. तो आवाज कटकट वाटतो म्हणून काही जण गॅरेजमध्ये बंद करून घेतात. तो बंद केलेला नाही ना, हे बापाने स्वतः बसून पाहावं. आजच्या अनेक गाड्या मोबाइलला जोडता येतात. मुलाने ठरलेला वेग किंवा ठरलेली हद्द ओलांडली, तर वडिलांच्या फोनवर सूचना येते. ही सोय बहुतेक घरांत कधी चालूच केली जात नाही.

आखाजीला किंवा दसऱ्याला खान्देशातल्या कितीतरी घरांपुढे नवी गाडी उभी राहील. राहावी, कमावलेल्या पैशाने हौस केली तर कुणी नाक मुरडू नये. फक्त घरात विशीच्या आतबाहेरचा मुलगा असेल, तर गाडी निवडताना त्याच्या हट्टापेक्षा त्याचा अनुभव पाहा. पहिली दोन-तीन वर्षं त्याला घरातल्या लहान गाडीवर हात बसवू द्या, रात्री दहानंतर मोठीची चावी आपल्याकडे ठेवा, आणि शोरूममधून निघायच्या आधी फोनवरची वेगाची सूचना चालू करून घ्या.