सिम लॉक झालं आणि फोन पीयूके मागतोय: काय करायचं, आणि यात खरा धोका कुठे आहे?

मोबाईल चोरीच्या बातम्या वाचून तुम्ही सेटिंग्जमध्ये गेलात आणि 'सिम लॉक' सुरू करायला निघालात. फोननं पिन मागितला. तुम्ही स्क्रीन उघडायचा नेहमीचा पिन टाकला. चुकला. पुन्हा टाकला, मग जन्मसाल टाकून पाहिलं. तेही चुकलं. आता स्क्रीनवर एकच ओळ आहे: 'सिम लॉक झाले आहे, पीयूके कोड टाका.'

नेटवर्क गेलं. घरच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप चालतंय, पण फोन लागत नाही आणि बँकेचा ओटीपी येत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. अंदाजानं आकडे टाकत राहतात, किंवा इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून जो पहिला दिसेल त्याला फोन लावतात. पहिल्या चुकीत सिम जातं. दुसऱ्या चुकीत बँक खातं रिकामं होऊ शकतं.

नेमकं काय लॉक झालंय?

फोनमध्ये तीन वेगवेगळी कुलुपं असतात आणि त्यांची कायम गल्लत होते.

पहिलं स्क्रीन लॉकचं. ते हँडसेटचं कुलूप आहे. दुसरं सिम पिनचं. ते सिम कार्डमधल्या चिपमध्ये असतं, फोनमध्ये नाही. तिसरं नेटवर्क लॉकचं. परदेशातून एखाद्या कंपनीच्या करारावर घेतलेला फोन भारतातलं सिम स्वीकारत नाही, तेव्हा अडचण याची असते. ते काढणं त्या परदेशी कंपनीच्या हातात असतं.

पीयूके मागतोय म्हणजे दुसरं कुलूप लागलं आहे. म्हणूनच फोन रीसेट करून काही होत नाही, उलट फोटो आणि डेटा जातो. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते तिथेही पीयूकेच मागणार, कारण किती वेळा चुकलं याची मोजणी सिमच ठेवतं. ई-सिमलाही हेच लागू आहे.

पीयूके म्हणजे काय?

सिमचा पिन चार ते आठ अंकी असतो. तो सलग तीन वेळा चुकला की सिम स्वतःला बंद करून घेतं आणि आठ अंकी पीयूके मागतं. हा कोड प्रत्येक सिमसाठी वेगळा असतो आणि मोबाईल कंपनीच्या नोंदींमध्ये असतो. त्यासाठी दहा संधी मिळतात. दहाही चुकल्या की ते सिम कायमचं निकामी होतं. ते कंपनीलाही पुन्हा सुरू करता येत नाही.

थोडक्यात, पीयूके हा अंदाजानं सापडणारा कोड नाही. एकदाही प्रयोग करू नका.

कोड मिळवायचा कसा?

सिम ज्या मोठ्या प्लॅस्टिक कार्डातून काढलं होतं ते घरात असेल, तर आधी ते शोधा. अनेकदा पीयूके त्यावरच छापलेला असतो.

ते नसेल तर वाय-फायवर कंपनीचं अधिकृत ॲप उघडा. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये पीयूके पाहण्याची सोय असते. तेही जमलं नाही, तर घरात त्याच कंपनीचं दुसरं सिम असलेल्या फोनवरून १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करा, किंवा ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जा. कोड देण्याआधी ते तुमची ओळख तपासतील.

कोड मिळाला की स्क्रीनवर टाका आणि नवा पिन ठरवा. कोड टाकायला जागाच दिसत नसेल तर डायलवर **०५*पीयूके*नवा पिन*नवा पिन# असं टाकता येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पीयूके कंपनी तुम्हाला देते, तुमच्याकडून मागत नाही. फोनवर कोणी पीयूके, ओटीपी किंवा सिमच्या मागे छापलेला लांबलचक क्रमांक मागत असेल, तर फोन ठेवून द्या. 'तुमचं सिम दोन तासांत बंद होणार' असं सांगणाऱ्यांचंही तेच. ट्रायनं स्वतः स्पष्ट केलं आहे की नंबर बंद करण्याबाबत ट्राय ग्राहकांना फोन किंवा मेसेज करत नाही.

सिम निकामी झालं तर नंबर जातो का?

नाही. नंबर कार्डात नसतो, तो कंपनीच्या नोंदीत असतो. ओळख पटवून त्याच नंबरचं नवं सिम मिळतं. फक्त जुन्या सिममध्येच साठवलेले संपर्क परत येत नाहीत.

मात्र नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये हा नियम केला. म्हणजे एक दिवस ओटीपी मिळणार नाही. परीक्षेचं शुल्क भरायचं असेल किंवा दवाखान्याचं बिल द्यायचं असेल, तर हे आधीच धरून चला.

हा त्रास मुद्दाम ठेवलेला आहे. तुमच्या नावानं दुसऱ्यानंच नवं सिम काढलं असेल, तर लक्षात यायला तुम्हाला एक दिवस मिळावा, हा त्यामागचा हेतू.

खरा प्रश्न: नंबर कोणाच्या नावावर आहे?

इथे अनेक घरांमध्ये गाडी अडते. आईचं सिम मुलाच्या नावावर, बायकोचं नवऱ्याच्या, शिकायला पुण्यात राहणाऱ्या मुलीचं गावाकडच्या वडिलांच्या नावावर. काही सिम तर आज हयात नसलेल्या माणसाच्या नावावर चालू आहेत. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण काउंटरवर 'तुमचं आधार द्या' म्हटलं की कळतं, दहा वर्षं वापरलेला नंबर कागदावर आपला नाहीच.

हा नंबर आधारला जोडलेला असतो, बँकेला असतो, पेन्शनलाही असतो. तो परत मिळवायचा तर नोंदीतला माणूस सोबत लागतो. नवऱ्याशी वाद सुरू असलेल्या बाईसाठी ही साधी कागदपत्रांची अडचण राहत नाही. तिचं बँक खातं आणि तिची ओळखच दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहते.

म्हणून सिम लॉक होण्याची वाट न पाहता आपल्या घरातले नंबर कोणाच्या नावावर आहेत हे बघा. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर ओटीपीनं लॉगिन केल्यावर तुमच्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिमची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात ती सहा आहे. दुसऱ्याच्या नावावरचा नंबर स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीच्या दुकानात जाता येतं.

हाच दरवाजा चोरांसाठीही

हरवलेलं सिम परत मिळवण्याची जी प्रक्रिया आहे, तिचाच गैरवापर म्हणजे 'सिम स्वॅप'. चोर तुमची कागदपत्रं आणि माहिती जमवतो, तुमच्या नावानं नवं सिम किंवा ई-सिम सुरू करून घेतो. तुमचं सिम बंद पडतं आणि ओटीपी त्याच्याकडे जातात.

यावर आळा घालायला ट्रायनं १ जुलै २०२४ पासून आणखी एक नियम लागू केला. सिम बदलल्यानंतर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही. फसवून सिम मिळवणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सामान्य माणसानं फरक ओळखायचा कसा? स्क्रीनवर पिन किंवा पीयूके मागितला जात असेल तर सिम लॉक आहे, नंबर तुमच्याच ताब्यात आहे. पण तुम्ही काहीही न करता नेटवर्क गेलं आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन चालू आहे, तर थांबू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच.

मग सिम पिन लावावा की नको?

लावावा. लोकलमध्ये फोन चोरीला गेला की स्क्रीन लॉक असूनही चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला दिसू लागतात. सिम पिन असेल तर तो तिथेच अडतो. काउंटरवरून होणारा सिम स्वॅप मात्र या पिननं थांबत नाही. त्यासाठी व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन आणि बँक खात्याला जोडलेला चालू ईमेल हवा.

सिमवरचा भार कमी करण्याची चर्चा सुरू असली तरी चित्र दुहेरी आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांसाठी एसएमएस ओटीपीपलीकडच्या पर्यायांना वाट देणारे निर्देश काढले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. दुसरीकडे दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲपना त्यांची सेवा फोनमधल्या चालू सिमशी बांधायला सांगितलं. एक यंत्रणा सिमवरचं अवलंबित्व सैल करतेय, दुसरी ते आवळतेय.

तोवर घरी तीन कामं करून ठेवा. पिन लावण्याआधी कंपनीकडून सिमचा मूळ पिन विचारून घ्या. पीयूके कागदावर लिहून घरात ठेवा, फोनमध्ये नको. आणि आईचा नंबर आईच्याच नावावर आहे ना, ते आजच तपासा.