गुरुवारची सुट्टी आणि बालेवाडीच्या रिकाम्या खुर्च्या

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील पुष्कळांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेची मागणी आठवड्याच्या सर्व वारांत विभागली जावी म्हणून निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांना निरनिराळे वार नेमून देण्याची ही जुनी पद्धत. तीत भोसरी-पिंपरीच्या वाट्यास गुरुवार आला. विजेच्या हिशेबात ही व्यवस्था चोख आहे. कुटुंबाच्या हिशेबात मात्र ती तोट्याची ठरते. वडिलांची सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी, आणि आई एखाद्या कचेरीत वा शाळेत असेल तर तिचीही रविवारीच. रावेतसारख्या वस्तीत, जेथे पवनेकाठच्या शेतांच्या जागी पाहता पाहता उंच इमारती उभ्या राहिल्या, तेथे एका छपराखाली राहूनही सबंध दिवस एकत्र न मिळणारी कुटुंबे प्रत्येक जिन्यावर भेटतील.

अशा कुटुंबांनी वर्षातून एक दिवस सकाळी वस्तुसंग्रहालय आणि दुपारनंतर व्यावसायिक टेनिसचे सामने पाहावेत, असे सुचविले तर ऐकणारा प्रथम हसतो. टेनिस हा क्लबातील बड्या लोकांचा खेळ आणि संग्रहालय ही परगावच्या पाहुण्यांना दाखविण्याची जागा, असा आपला समज आहे. परंतु म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल रावेतपासून महामार्गाने फार दूर नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते सार्वजनिक पैशातून उभे राहिले. त्या पैशात रावेतच्या कामगाराने भरलेल्या कराचाही अंश आहे.

या संकुलात २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चा अपवाद सोडता, महाराष्ट्र ओपन ही एटीपी मालिकेतील स्पर्धा पाच वेळा भरली. ती चेन्नईहून येथे आली होती आणि पुरुषांच्या त्या मालिकेतील भारतात होणारी ती एकमेव स्पर्धा होती. २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच हे साडेसहा फुटांहून उंच असे दोघे समोरासमोर आले व तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. त्याच वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळविले. कार्लोविचची सर्व्हिस दूरचित्रवाणीवर पाहणे निराळे आणि प्रेक्षागारात बसून पाहणे निराळे. पडद्यावर चेंडूचा वेग आकड्याने कळतो; मैदानावर तो आवाजाने कळतो, आणि समोरचा खेळाडू दोन पावले मागे का सरकला, हेही कळते. २०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यात झाली नाही. वर्षारंभीच्या त्या आठवड्यातील तिची जागा २०२४ पासून हाँगकाँगने घेतली. आपल्या शहरातून एवढी गोष्ट गेली आणि तिची चर्चा क्रीडापृष्ठाबाहेर फारशी झालीच नाही, ही मला त्या जाण्याहूनही अधिक खेदाची बाब वाटते.

मोठी स्पर्धा गेली म्हणजे सारे संपले असे मात्र नव्हे. २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बालेवाडीत चॅलेंजर दर्जाची स्पर्धा झाली. या दर्जाच्या स्पर्धेत नावे अपरिचित असतात, म्हणून तिकडे कोणी वळत नाही. पण २०२४ ची ती स्पर्धा मोनॅकोच्या व्हॅलेंतिन वाशेरो या खेळाडूने जिंकली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीत २०४ व्या स्थानी असताना त्याच वाशेरोने शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकून दाखविली. उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरविले. बालेवाडीत ज्यांनी त्याला हाताच्या अंतरावरून पाहिले, त्यांनी काय पाहिले ते त्यांना वीस महिन्यांनी कळले असेल.

अर्थशास्त्राच्या वर्गात नाशवंत मालाचे उदाहरण म्हणून आम्ही भाजी आणि दूध सांगतो. प्रेक्षागारातील खुर्ची त्यांहूनही नाशवंत आहे. भाजी संध्याकाळी निम्म्या दराने खपते. सामना संपल्यावर खुर्ची कोणत्याच दराने खपत नाही. संकुल बांधण्याचा खर्च केव्हाच होऊन गेला, खेळाडू आले, पंच आले, दिवे लागले. आणखी शंभर शाळकरी मुले येऊन बसली, तर आयोजकांच्या खर्चात नाव घेण्याजोगी भर पडत नाही. मग आठवड्याच्या मधल्या दिवसांत निम्मे प्रेक्षागार ओस ठेवून आपण नेमकी कशाची बचत करतो?

संग्रहालयांचा हिशेबही याच जातीचा आहे. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभारले व १९७५ मध्ये राज्य शासनाच्या हाती सोपविले. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात; जागेअभावी त्यांतील थोड्याच मांडलेल्या. तेथे राजेरजवाड्यांचे वैभव नाही असे नाही, पण त्याचा खरा प्राण दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपे, दौती, स्वयंपाकाची भांडी यांत आहे. म्हणजे कारागिराच्या हातांत. आणि येथेच औद्योगिक पट्ट्यातील पालक इतरांच्या पुढे जातो. तीन-चार चाव्यांचे जुने कुलूप काचेआड पाहून मी ‘सुंदर’ एवढेच म्हणू शकतो. भोसरीच्या कारखान्यात साचे बनविणारा माणूस ते कसे चालत असेल हे मुलाला सांगू शकतो. एरवी मुलाचे पुस्तक वडिलांना अवघड जाते. तेथे वडील शिक्षक होतात. घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालयाचा जन्मच १८९० मध्ये औद्योगिक संग्रहालय म्हणून झाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या पूर्वजांना यंत्र आणि कारागिरी या पाहण्याच्या वस्तू वाटत होत्या.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या पट्ट्यातील शाळांनी वर्षातील एक गुरुवार पालकांसह सहलीचा म्हणून राखावा आणि त्याची भरपाई एखाद्या रविवारी करावी. टेनिसची स्पर्धा आठवडाभर चालते, हे येथे फार सोयीचे आहे. क्रिकेटचा मोठा सामना गुरुवारी आपल्या गावी येईल याचा भरवसा नसतो, पण स्पर्धेच्या आठवड्यात गुरुवार असतोच, आणि त्या दिवशी अनेक मैदानांवर खेळ चालू असतो. केळकर संग्रहालयही गुरुवारी उघडे असते. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते, तेव्हा रावेतहून बसने पिंपरी गाठून मंडईला उतरता येते. ज्यांना लोकल सोयीची, त्यांना आकुर्डी स्थानक जवळ आहे. दुपारचा डबा खाऊन बालेवाडी गाठावी आणि अंधार पडण्यापूर्वी महामार्गाने घरी परतावे.

हे सारे शाळांनीच का करावे, असे मुख्याध्यापक विचारतील. त्यांच्यावर आधीच शाळाबाह्य कामांचे ओझे आहे, हे मान्य. पण एकेकट्या कुटुंबाला हे जमत नाही, याचे कारण पैसा नसून वार आहे; आणि वार बदलण्याचा अधिकार कुटुंबाकडे नाही. कारखान्याने तो विजेसाठी बदलला. शाळेने वर्षातून एकदा मुलांसाठी बदलावा, एवढेच मागणे आहे.

एक अडचण खरी आहे. फेब्रुवारी हा बारावीच्या परीक्षेचा महिना, आणि दहावीचीही त्याच सुमारास येते. तेव्हा शिक्षकही पर्यवेक्षणात गुंततात. म्हणून आरंभ पाचवी ते आठवीच्या वर्गांपासून व्हावा, आणि आयोजकांकडे शाळेचे पत्र स्पर्धा जाहीर होताच जावे. खेळ सुरू झाल्यावर गेलेल्या पत्राला उत्तर देण्यास त्यांना सवड नसते.