हार्टचं ऑपरेशन, मग नळी तोंडातून कशाला?

भिवंडीच्या कामतघरमध्ये एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं, की घरच्यांची धावपळ ठाणे-मुंबईच्या रुग्णालयांकडे सुरू होते. संमतीपत्रावर सही मागतात, त्यात ‘टीईई’ असा उल्लेख असू शकतो. त्या घाईत त्याचा अर्थ कोण विचारणार?

टीईई म्हणजे अन्ननलिकेतून केलेली हृदयाची सोनोग्राफी. नेहमीची टूडी इको छातीवरून होते. ऑपरेशनमध्ये तर छातीच उघडलेली असते. अन्ननलिका मात्र हृदयाला लागूनच, मागून जाते. म्हणून भूल दिल्यावर बोटाएवढी लवचिक नळी तोंडातून आत सोडतात. पडद्यावरचं चित्र बहुतेकदा भूलतज्ज्ञच वाचतात. १९६८ साली केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा ही सोय नव्हती. हे तंत्र १९७०च्या दशकात आकाराला आलं.

याचा खरा उपयोग शेवटच्या टप्प्यात होतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे आजही आहेत. झडप दुरुस्त करताना हृदय थांबवलेलं आणि रिकामं असतं. त्यात पाणी भरून सर्जन अंदाज घेतात, पण ती गळते का, हे हृदय पुन्हा धडधडू लागल्यावरच नीट कळतं. टीईईत मोठी गळती दिसली, तर रुग्णाला पुन्हा हार्ट-लंग मशीनवर घेऊन तिथेच दुरुस्ती करता येते. तीच गळती काही दिवसांनी कळली, तर छाती दुसऱ्यांदा उघडावी लागू शकते. हृदयात अडकलेली हवाही यात दिसते. ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघाताचा धोका असतो.

धोका अगदीच नाही असं नाही. घसा दुखतो, क्वचित अन्ननलिकेला इजा होते. गिळायला त्रास होत असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा लिव्हरचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि नुसतं मशीन आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्या दिवशी ते वाचणारं माणूस थिएटरमध्ये असणार का, हेही विचारावं.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात आणि कुटुंबामागे मर्यादा आता वर्षाला ५ लाखांची आहे. अडचण कागदांची आहे. राज्याचं रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला लागतो, आणि भिवंडीत माग चालवणारे कितीतरी हात परराज्यातले आहेत.